मालवणचे प्रवाळ आणि मोर्शीचा डिंक्या

पत्रिकेत मंगळ निघाला की सराफाकडून आणायचे पोवळे, एवढीच वऱ्हाडातल्या बहुतेकांची प्रवाळाशी ओळख. अकोल्याहून समुद्र गाठायचा तर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो आणि आपल्या खारपाणपट्ट्यात खारे पाणी असते ते विहिरीत. तरीही आज प्रवाळ आणि त्याचे भाऊबंद असलेले समुद्रफूल यांच्या आजारपणाविषयी लिहायचे आहे, कारण रोग आणि प्रतिकार यांचा जो हिशेब आपण मांडतो त्यातली चूक या प्राण्यांमध्ये फार उघडी दिसते. आपला हिशेब सरळ आहे: रोग म्हणजे जंतू, जंतू ओळखा, त्यावरचे औषध आणा, फवारा किंवा पाजा, विषय संपला. माझे म्हणणे असे की हा हिशेब अर्धा आहे, आणि तोही लहान अर्धा. जंतू बहुतेक वेळा आधीपासूनच आजूबाजूला असतो. तो कधी जिंकणार हे ठरते ते ज्याच्यावर हल्ला होतो त्याच्याकडे त्या वेळी प्रतिकारावर खर्च करायला काय शिल्लक आहे यावरून. सरकारी पैसा आणि आपले लक्ष मात्र जंतूच्या बाजूलाच जाते.

प्रवाळ दगडासारखे दिसत असले तरी तो प्राणी आहे. समुद्रफुलाला सांगाडा नसतो, प्रवाळ स्वतःभोवती चुन्याचे घर बांधते. बाकी दोघांचा देह एकाच घडणीचा. मधोमध तोंड, भोवती हातासारखे तंतू, पेशींचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये जेलीसारखा पदार्थ. रक्त नाही, अस्थिमज्जा नाही, आपल्याकडे लस टोचल्यावर तयार होतात तशी प्रतिपिंडे नाहीत. तंतूंवरच्या दंशपेशी भक्ष्य पकडायला आणि शत्रूला पळवायला उपयोगी पडतात. जिवाणूंपुढे त्यांचे काही चालत नाही. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात लाखो जिवाणू असतात आणि प्रवाळाला जागा सोडून जाता येत नाही. असा प्राणी मुळात जगतोच कसा, हा प्रश्न पडायला हवा. उत्तराची पहिली पायरी म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर. किम रिची यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फ्लोरिडातल्या सांबरशिंगी प्रवाळाचा हा स्राव तपासला, तेव्हा त्याने बाहेरून येणाऱ्या अनेक जंतूंची वाढ रोखली. या थरात राहणाऱ्या आणि प्रयोगशाळेत वाढवता आलेल्या जिवाणूंपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्वतःच प्रतिजैविके तयार करणारा निघाला. म्हणजे पहारा प्रवाळाचा, पण पहारेकरी बरेचसे भाडेकरू.

हा थर ओलांडून जंतू आत आलाच तर पेशींच्या आत त्याच्या खुणा ओळखणारी प्रथिने असतात. त्यांचा एक मोठा गट माणसाकडे विसाच्या आसपास जनुकांचा आहे; जपानजवळच्या ॲक्रोपोरा डिजिटिफेरा या प्रवाळाचा जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्या घडणीची जनुके पाचशेच्या घरात सापडली. साध्या प्राण्याची यंत्रणाही साधीच असणार, ही समजूत तिथेच मोडली. जंतूला गिळून टाकणाऱ्या पेशी आपल्या रक्तात असतात तशा समुद्रफुलात आणि प्रवाळातही असल्याचे २०२१ मध्ये प्रयोगाने दाखवले गेले. जखम किंवा लागण झाली की भोवती मेलॅनिन साचवून कडे करायचे, ही आणखी एक तऱ्हा. कॅरिबियन समुद्रातल्या जाळीदार पंख्यासारख्या प्रवाळाला ॲस्परजिलस सिडोवाय ही बुरशी लागते तेव्हा बुरशीच्या धाग्यांभोवती मेलॅनिन साचते ती हीच. ही बुरशी मुळात मातीतही राहणारी. भुईमुगात विष तयार करणाऱ्या बुरशीच्याच कुळातली. वऱ्हाडातल्या वाचकाला आणखी जवळचे वाटावे असे उदाहरण पोसिलोपोरा या प्रवाळाचे. त्याच्या देहात डॅमिकॉर्निन नावाचे चाळीस दुव्यांचे छोटे प्रथिन सापडले. प्रयोगशाळेत ते ज्या बुरशीला भारी पडले ती फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम, म्हणजे आपल्या हरभऱ्याला मर लावणारी जात. (म्हणून उद्या कोणी मरीवर प्रवाळाचे औषध विकायला आले तर घेऊ नका, परीक्षानळीतून शेतापर्यंतचा रस्ता फार लांबचा असतो.)

एवढी सगळी आयुधे असूनही प्रवाळ आजारी पडते, आणि ते कधी पडते यातच माझ्या मुद्द्याचा गाभा आहे. उष्ण समुद्रातले प्रवाळ आपल्या पेशींत सूक्ष्म शैवाल पाळते. शैवाल उन्हावर अन्न तयार करते आणि प्रवाळाच्या एकूण गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा पुरवते. बुळबुळीत थर सतत नवा बनवणे, मेलॅनिन साचवणे, गिळणाऱ्या पेशी पोसणे, हे सारे या मिळकतीतून चालते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या एक अंश वर जाऊन काही आठवडे तिथेच राहिले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या अकोलेकराला एका अंशाचे हे कौतुक वाटेल, पण ज्या घराची मिळकत बंद झाली तिथे पहिली कात्री पहाऱ्याच्या खर्चालाच लागते. रिची यांनी २००५ च्या उन्हाळ्यात, पाणी तापले असताना, त्याच सांबरशिंगी प्रवाळाचा स्राव पुन्हा तपासला. जंतूंना रोखण्याची त्याची ताकद गेलेली होती आणि एरवी मागे राहणारे व्हिब्रिओ जातीचे जिवाणू वरचढ झाले होते. ते बाहेरून नव्याने आले नव्हते.

व्हिब्रिओ कोरॅलिलिटिकस हा त्यातला नामांकित. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तो पोसिलोपोरावर सोडला तेव्हा चोवीस ते सव्वीस अंशांना प्रवाळ पांढरे पडले, आणि सत्तावीस ते एकोणतीसला त्याचे मांसच विरघळले. जंतू एक, प्रवाळ एक, बदलले ते फक्त पाणी. उष्णतेने जंतूही जहाल होतो हे खरे आणि ते मी लपवत नाही. पण दोन्ही पारडी एकाच वेळी हलवणारी गोष्ट जंतूच्या बाहेरची आहे. वर सांगितलेले डॅमिकॉर्निनही या जंतूची लागण झाली की कमी बनू लागते. शिवाय प्रतिकाराला किंमत असते याचा पुरावा निरोगी प्रवाळांतही मिळतो. ग्रेट बॅरियर रीफवर तुलनेने सावकाश वाढणाऱ्या पोरायटिस या प्रवाळात मेलॅनिन जास्त आढळले आणि तो कमी आजारी पडतो. झपाट्याने फांद्या टाकणाऱ्या ॲक्रोपोरात मेलॅनिन कमी आणि रोग जास्त. वाढीवर खर्च केलेली ऊर्जा पहाऱ्याला उरत नाही. भरघोस उत्पन्नासाठी निवडलेले वाण रोगाला नाजूक का निघते, हे कृषी विद्यापीठाच्या गावात वेगळे सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, हा सगळा योगायोगांचा मेळ. परिस्थिती सुधारल्यावर रोग हटतो हे दाखवा. ते दाखवले गेले आहे. फ्लोरिडाच्या समुद्रात रिबेका व्हेगा थर्बर आणि सहकाऱ्यांनी प्रवाळाच्या काही पट्ट्यांत तीन वर्षे सतत नत्र आणि स्फुरद सोडले, शेजारचे पट्टे तसेच ठेवले. खत मिळालेल्या पट्ट्यांत रोगाचे प्रमाण दुप्पट झाले आणि एका प्रकारच्या प्रवाळात पांढरे पडण्याचे प्रमाण साडेतीन पट. मग खत बंद केले. दहा महिन्यांनी दोन्ही पट्ट्यांत फरक उरला नाही. हा निष्कर्ष २०१४ चा. औषधाचा एक थेंब न वापरता रोग खाली आला, आणि कुठला जंतू जबाबदार होता हे ठरवण्याचीही गरज पडली नाही. प्लॅस्टिकचे उदाहरणही असेच आहे. आशिया-पॅसिफिकमधल्या १५९ प्रवाळभिंतींच्या २०१८ मधल्या अभ्यासात, प्लॅस्टिक अडकलेल्या प्रवाळाला रोग असण्याची शक्यता चार टक्क्यांवरून एकोणनव्वद टक्क्यांवर गेलेली दिसली. आपल्या मालवणात, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे एकोणतीस चौरस किलोमीटरचे. तिथल्या टर्बिनारिया मेसेंटेरिना या प्रवाळाच्या सांगाड्यावर गाठीसारखी विकृत वाढ होत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये नोंदवले. सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदावर त्यांना वाघाइतके संरक्षण. हा कायदा प्रवाळ तोडणाऱ्या हाताला अडवतो. गाळ, सांडपाणी आणि तापलेले पाणी त्याच्या कलमांत सापडत नाही.

वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागेत हीच गोष्ट गुडघे टेकून पाहता येते. डिंक्या लागलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत पाहावे: साल उभी तडकलेली, तड्यांतून पिवळसर तांबूस डिंक ओघळून वाळलेला, साल नखाने काढली तर आतला भाग तपकिरी. तो डिंक रोगाचा नाही, झाडाचा आहे. लागण अडवण्याची त्याची ती धडपड. वर पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, आणि मरायला टेकलेले झाड अवेळी भरघोस फुलते, ते पाहून नवखा बागाईतदार खूशही होतो. रोग फायटोफ्थोरा नावाच्या जिवाचा. तो काळ्या जमिनीत असतोच, आणि त्याचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यातून पोहत जातात. म्हणून आळ्यात मोकाट पाणी भरले आणि ते खोडाला टेकून साचले की जंतूला वाट मिळते आणि त्याच वेळी मुळ्यांचा श्वास कोंडतो. पन्हेरीतच कलमाचा जोड जमिनीपासून बोटभर उंचीवर बांधलेला असेल तर संत्र्याची नाजूक साल थेट चिखलात येते. जंबेरीचा खुंट या रोगाला बळी पडणारा, रंगपूर लाइमचा तुलनेने टिकाव धरणारा. यातले एकही वाक्य नवे नाही. जोड नऊ इंच किंवा त्याहून वर बांधा, दुहेरी आळे करा म्हणजे आतल्या वर्तुळात खोडाजवळ पाणी जाणार नाही, भारी जमिनीत उताराला चर काढा, अशा शिफारशी नागपूरच्या लिंबूवर्गीय संशोधन संस्थेच्या आणि अकोल्याच्या विद्यापीठाच्या पुस्तिकांतून वर्षानुवर्षे छापल्या जात आहेत. तरी डिंक्या म्हटले की पहिला प्रश्न येतो, कोणते औषध मारू? खोडाला बोर्डो मलम लावावेच, मोरचूद आणि चुना यांना पर्याय नाही. पण पाणी खोडाशी साचतच राहिले तर मलम दरवर्षी लागेल आणि झाड दरवर्षी थोडे थोडे जाईल. चर दिसत नाही, डबा दिसतो. डब्याला विक्रेता आहे, चराला नाही. अनुदानाची मागणीही म्हणूनच डब्याची होते.

माझ्या म्हणण्यावर गंभीर आक्षेप आहेत. सर्वांत जड आक्षेप फ्लोरिडातूनच येतो. २०१४ मध्ये मायामीजवळ कठीण प्रवाळाचे मांस झपाट्याने गळवून टाकणारा एक रोग दिसला आणि काही वर्षांत तो कॅरिबियन बेटांवर पसरला. वीसहून अधिक जातींना तो लागतो, स्वच्छ पाण्यातल्या धडधाकट वसाहतीही तो सोडत नाही. त्याच्यावर सर्वांत उपयोगी ठरला तो अमॉक्सिसिलिनचा लेप, म्हणजे सरळ प्रतिजैविक. मग परिस्थितीचे तुणतुणे कशाला? हा आक्षेप मी मान्य करतो, त्याच्या हद्दीत. काही रोग असे असतात की तिथे जंतू हाच कर्ता; संत्र्यावरचे ग्रीनिंगही बरेचसे त्याच वर्गातले, तिथे रोगट कलम उपटणे आणि सायला किडीचा बंदोबस्त यांना तोड नाही. पण त्या लेपाचे पुढे काय झाले तेही पाहावे लागते. लेप लावलेला डाग थांबतो, त्याच वसाहतीवर दुसरीकडे नवा उमटतो, पाणबुड्याला पुन्हा उतरावे लागते. म्हणून संशोधक आता रोगाला न जुमानणाऱ्या वसाहतींवरचे उपयुक्त जिवाणू वेगळे करून आजारी प्रवाळाला देत आहेत. २०२३ मध्ये अशा एका जिवाणूचे उत्साहवर्धक निकाल प्रसिद्ध झाले. औषध शोधता शोधता वाट पुन्हा त्या भाडेकरू पहारेकऱ्यांकडेच वळली. आणि सांबरशिंगी प्रवाळावर पांढरे चट्टे पाडणारा सेरॅशिया जिवाणू मानवी मैल्यातून आला होता, हे २०११ मध्ये सिद्ध झाले. जंतूचे नाव सापडले, पण उपाय निघाला तो मैलापाणी नीट शुद्ध करण्याचा.

दुसरा आक्षेप असा की प्राणी जुळवून घेतात, उगाच काळजी का करायची. यालाही आधार आहे. १९७७ मध्येच दिसले होते की परक्या प्रवाळाचा तुकडा जोडला तर दुसऱ्या वेळी तो अधिक वेगाने नाकारला जातो. म्हणजे प्रतिपिंडे नसतानाही काहीतरी आठवण राहते. एग्झेप्टेशिया या छोट्या समुद्रफुलाला व्हिब्रिओचा सौम्य डोस आधी दिला तर महिनाभराने आलेल्या मोठ्या हल्ल्यात ते जास्त संख्येने वाचते, हे २०१५ मध्ये दाखवले गेले. भूमध्य समुद्रातल्या ऑक्युलिना प्रवाळाची कथा तर प्रसिद्धच आहे: १९९० च्या दशकात व्हिब्रिओ शिलोय त्याला पांढरे पाडत होता, २००३ नंतर तोच जंतू त्याच प्रवाळाला काही करू शकेना. सोबतचे जिवाणू बदलून प्रवाळ तगले, असा तर्क इस्रायलच्या संशोधकांनी मांडला. २००८ मध्ये दुसऱ्या गटाने तिथले पांढरे पडणे मुळात जिवाणूंमुळे नव्हतेच, उष्णतेमुळे होते, असा दावा केला. यातला कोणताही पक्ष घ्या, माझ्या मुद्द्याला धक्का लागत नाही. जुळवून घ्यायलाही मिळकत आणि उसंत लागते. उष्णतेच्या दोन लाटांमध्ये दहा-पंधरा वर्षे असली तर प्रवाळ सावरते. जागतिक पातळीवर प्रवाळ पांढरे पडण्याच्या घटना १९९८, २०१०, २०१४ ते १७ आणि पुन्हा २०२३ पासून, अशा जवळजवळ येऊ लागल्या आहेत.

तिसऱ्या आक्षेपाला मी खरोखर घाबरतो, कारण तो माझ्याच बाजूने बोलणाऱ्यांकडून येतो. कोरोनाच्या काळात ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणत काढे, चूर्णे आणि गोळ्या यांचा जो बाजार भरला, त्याचे म्हणणे वरवर माझ्यासारखेच होते: जंतूचे सोडा, शरीर सांभाळा. त्यातून पुढची पायरी सोपी असते, ‘आजारी पडलास, म्हणजे तूच शरीर सांभाळले नाहीस.’ प्रवाळाचा पुरावा याच्या उलट बोलतो. प्रवाळ जागा बदलू शकत नाही, पाणी निवडू शकत नाही. त्याची प्रतिकारशक्ती खचली ती भोवतालामुळे. मेळघाटात, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, पावसाळ्यात दगावणाऱ्या बाळाच्या नोंदीवर न्यूमोनिया किंवा जुलाब लिहिलेले असते. जंतूचे ते वर्णन खोटे नसते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाच वर्षांखालील बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे कुपोषणाचा हात असतो, आणि तो नोंदवहीच्या त्या रकान्यात उमटत नाही. माणसाकडे प्रतिपिंडे आहेत, लस आहे. गोवराची लस अर्धपोटी मुलालाही वाचवते आणि ती प्रत्येकाला मिळालीच पाहिजे. लस विरुद्ध अन्न असा वाद मांडणे मूर्खपणाचे आहे. पण त्या मुलाचा प्रतिकार वाढवणे म्हणजे त्याच्या आईला बाटली विकणे नव्हे. रोजगार हमीची मजुरी वेळेत पोचणे, अंगणवाडीत खरे अन्न शिजणे आणि पावसात रस्ता चालू राहणे, हे त्याचे औषध.

राहिला शेवटचा प्रश्न. समुद्र तापतो तो मालवणच्या मच्छीमारामुळे नव्हे आणि मोर्शीच्या बागाईतदारामुळेही नव्हे. मग स्थानिक डागडुजीने काय साधणार? फ्लोरिडाच्या प्रयोगाचे उत्तर इथेही लागू पडते. तिथल्या पाण्याचे तापमान संशोधकांच्या हातात नव्हते. त्यांनी त्यांच्या हातातला एकच भार उचलला आणि रोग निम्म्यावर आला. मालवणात प्रवाळाजवळ होड्यांचे नांगर पडू न देणे, बांधून ठेवायला कायमच्या बोया देणे, हॉटेलांचे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय समुद्रात न सोडणे, ही कामे करायला हवामान परिषदेची वाट पाहावी लागत नाही. वऱ्हाडात संत्र्यावरच्या रोगांसाठी पुढच्या वेळी मदत जाहीर होईल तेव्हा तिचा मोठा वाटा चर खणायला, दुहेरी आळ्याच्या ठिबकला आणि पन्हेऱ्यांच्या तपासणीला द्यावा, फवारणीच्या औषधाला उरलेला. पावसाळ्याच्या तोंडावर शेंदूरजनाघाटहून कलमांच्या गाड्या भरल्या जातात. त्याआधी प्रत्येक पन्हेरीत जाऊन खुंट कोणता आणि जोड किती उंचीवर, एवढे पाहून नोंदवणारा माणूस नेमायला फार खर्च येत नाही, आणि एकदा लावलेले झाड मात्र चुकीच्या जोडासकट बागेत वीस वर्षे उभे राहते.